टाकीचं जुनं झाकण

स्कूटर दुरुस्तीला देऊन गॅरेजच्या बाकावर बसलेल्या शिवणाच्या बाईंनी मासिक उघडलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं. त्यांचे कान समोरच्या जुनाट पिकअपकडे लागले होते. तिथे एक म्हातारं जोडपं मेकॅनिकशी बोलत होतं.

"बंद कधी पडते, काका?"

"लेकीकडे जायला निघाल्यावर अर्ध्या तासाने. न चुकता."

"आणि सुरू कशी होते?"

"मी टाकीचं झाकण काढून पेट्रोल आहे का बघतो. मग आम्ही जरा टेकतो, चहा घेतो. नंतर पहिल्या झटक्यात सुरू."

"झाकण बघू. काकू, याला आतून रबर कुणी चिकटवलं?"

"यांनीच. मला पेट्रोलच्या वासाने मळमळतं ना."

"अहो काका, हवेचं भोकच बुजवलंत की. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल पुढे जाणार कसं? झाकण काढलं की हवा शिरते, म्हणून गाडी सुरू होते."

"म्हणजे दोन वर्षं मी उगाच प्लग बदलत बसलो."

"आणि मी थर्मास भरत."

"हे नवीन झाकण लावलं. आता मधे कुठे थांबायला नको, थेट लेकीच्या दारात."

"थेट?"

"थेट, काकू."

"बरं झालं. चहाला थांबायचो तेवढंच काय ते बोलणं व्हायचं आमचं. घरी हे पेपरातून डोकं काढतील तर शपथ."

"जुनं झाकण फेकू ना, काका?"

"फेकू नकोस, हिच्याकडे दे. जाताना नवीन लावू, येताना जुनं. येताना कसली घाई?"