जिन्यावरून न दिसलेलं दार

सन्माननीय अध्यक्ष चंद्रप्रकाश सावंत, व्यासपीठावर बसलेले पोलीस ठाण्याचे अधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती, गेल्याच आठवड्यात निवृत्त झालेल्या उपनिरीक्षक शुभाताई गवाणकर, आणि सहजीवन सोसायटीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंच्या धडाडीबद्दल बोला, असं समितीने सुचवलंय. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात माणसाने गोड बोलावं हे मलाही कळतं. पण ताईंचं जे काम मी जवळून पाहिलं ते एकच, आणि ते गोड नाही.

सात वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाकाकू राऊळ भर दुपारी आपल्याच पलंगावर मेलेल्या सापडल्या. तोंडावर उशी दाबलेली, हातातल्या बांगड्या गायब. काकू एकट्या राहायच्या. त्यांच्या समोरच्या खोलीत टिना परेरा भाड्याने राहत होती. वर्सोव्याची मुलगी, इस्पितळात नर्स.

आपण सगळी कोकणातली माणसं. गिरण्या बंद पडल्यावर जोगेश्वरीत एकत्र आलो, एकमेकांच्या अडीअडचणीला धावतो, याचा आपल्याला केवढा अभिमान! टिनाला मात्र आपण कधी आपलं म्हटलं नाही. एकटी मुलगी, ख्रिश्चन, रात्रपाळी करून सकाळी घरी येणारी. आपल्याला एवढं पुरे होतं. काकूंनी तेवढं तिला जवळ केलं. ती त्यांना रोज इन्सुलिन टोचायची, म्हणून घराची एक चावी तिच्याकडे असायची.

त्या संध्याकाळी याच हॉलमध्ये सभा झाली. पहिला बोलला काकूंचा पुतण्या नितेश. गणपती मंडळाचा आधार, सगळ्यांचा लाडका. चावी कुणाकडे होती ते सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मग कुणीतरी विचारलं, तिला काकूंच्या घरातून निघताना कुणी पाहिलं का? मी तेव्हा सेक्रेटरी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, जिना चढताना बहुतेक पाहिली. सभा संपेपर्यंत त्यातलं ‘बहुतेक’ गळून गेलं. पोलिसांना जबाब देताना तर मी तिच्या ड्रेसचा रंगसुद्धा सांगितला.

टिनाला अटक झाली. ‘मी झोपले होते’ असं ती म्हणत होती, पण एकटीच्या झोपेला साक्षीदार कोण असणार?

मागे खुर्च्या वाजताहेत. बसा हो, चहा अजून यायचाय.

चौथ्या दिवशी आपण तिची खोली उघडून सामान पॅसेजमध्ये काढलं. अध्यक्षसाहेब, घड्याळ बघू नका. खाटेचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं तुमच्या. सामान न्यायला तिची आई एमिलियाबाई आल्या. टेम्पो यायला दोन तास लागले. दोन तास त्या पायरीवर बसून होत्या आणि आपल्यापैकी कुणीही त्यांना पाणी विचारलं नाही. मी दाराच्या भोकातून बघत होतो.

तपास शुभाताईंकडे होता. जबाबासाठी त्या माझ्याकडे तीनदा येऊन गेल्या होत्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, चला, त्या दुपारी जिथे होतात तिथे उभे राहा. मी जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो.

“काका, काय दिसतंय ते सांगा.”

मी वर पाहिलं. मीटरचं कपाट दिसत होतं. त्याच्या पलीकडे काकूंचं दार होतं, पण तिथून ते दिसत नव्हतं. इतकी वर्षं त्या जिन्यावरून जातोय मी.

“कपाट,” मी म्हणालो.

“मग तसंच लिहू ना?”

ताई ओरडल्या नाहीत, धमकावलं नाही. नुसत्या पेन धरून थांबल्या. सही केली तर बिल्डिंगमध्ये मला कुणी उभं करणार नाही, हे मला माहीत होतं. तरी केली. पुढे वर्षभर कुणी बोललं नाही माझ्याशी. तेही असो.

सतरा दिवसांनी टिना सुटली. आणखी पंधरा दिवसांनी मंडळाच्या सजावटीच्या पेटीत, मखराच्या कापडात गुंडाळलेल्या काकूंच्या बांगड्या ताईंना सापडल्या. पेटीची चावी एकट्या नितेशकडे असायची. काकूंचा वारस तोच, आणि पुनर्विकासाच्या कागदांवर काकू सही करत नव्हत्या, म्हणून त्याने उशी दाबली. बांगड्या काढल्या त्या चोरी वाटावी म्हणून. गेल्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. त्याच्यासाठी आपण मीटिंग घेतली, वकील बघितला. टिनाची नोकरी गेली, तिच्यासाठी काय घेतलं?

मागच्या महिन्यात मी वर्सोव्याला गेलो. ती आता लोकांच्या घरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करते. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, “काका, मी केलं नाही हे मला माहीतच आहे. ज्यांना अजून वाटतं ना, त्यांना जाऊन सांगा.”

वाटतं, अजूनही वाटतं. परवाच लिफ्टमध्ये ऐकलं मी, नितेशला तिनेच नादी लावलं असणार म्हणून. तेव्हा माईकवरून सांगतो, मी अनिरुद्ध तोरसकर. मी त्या दुपारी टिना परेराला पाहिलं नव्हतं. कुणालाच पाहिलं नव्हतं.

शुभाताई, तुम्ही थांबलात म्हणून मला खरं बोलता आलं. तुमचे मनापासून आभार. समितीने बोलायची संधी दिली, तिचेही आभार. वेळ जास्त घेतला, समारंभाचा रंग घालवला, त्याबद्दल उदार मनाने क्षमा करावी. टिनाची क्षमा मात्र या हॉलमध्ये बसून मागता येणार नाही. रविवारी ती घरी असते. मी जातोय. कुणाला यायचं असेल तर दहा वाजता खाली गेटपाशी उभा आहे.