कसा लागला पेढा?

...आणि वर डॉक्टर म्हणतात काय, तर हरभरे खा! हरभरे! अहो, टांगेवाल्याला सांगायची गोष्ट आहे का ही? नाशिक रोड स्टेशनाबाहेर आम्ही बाराजण टांगे लावून उभे, आणि तिकडे आमच्या इसाकच्या घोडीच्या तोंडाला तोबरा, तोबऱ्यात हरभरे, घोडीशेजारी इसाक, इसाकच्या हातात पुडी, आणि पुडीत... हरभरेच! भाजलेले, एवढाच काय तो फरक! सावळीराम टांगेवाला तर रोज विचारायचा, "इसाकभाई, आज कोण ओढणार आणि कोण हाकणार?" हसायचो हो आम्ही सगळे, मीही हसायचो, खोटं कशाला बोलू.

तुम्हाला सांगतो, इसाकला रोग नव्हता, रोगाची धास्ती होती. बापाचा पाय मधुमेहानं सडला, पायामागोमाग बाप गेला, म्हणून पन्नाशीला टेकल्यावर हा आपणहून गेला डॉक्टरांकडे. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध ओतलं, त्यात याच्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी धरली स्पिरिटच्या दिव्यावर. निळं राहिलं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर रोग पक्का. याचं झालं हिरवट! म्हणजे ना इकडं ना तिकडं! "उंबरठ्यावर आहेस," डॉक्टर म्हणाले, "मधल्या वेळेला खातोस काय?" आता काय खातो! सकाळी स्टेशनासमोरची जिलबी, चार वाजता चार चमचे साखरेचा चहा, आणि दिवसभर टांग्यात बसणारी माणसं हातावर ठेवतील ते पेढे! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अरे, जिलबी पोटात गेली की साखर रक्तात चौखूर उधळते. तेच हरभरा खा, काकडी खा, मूठभर शेंगदाणे खा, ती चालीनं चालते. घोडं हाकणाऱ्याला हे मी सांगायचं?"

कळलं! असं कळलं की त्या दिवसापासून जिलबीच्या दुकानावरून जाताना घोडीची मान वळेल, पण इसाकची नाही!

पण पेढ्यांचं काय करायचं? पंचवटीत दर्शन घेऊन माणसं परत स्टेशनाला येतात, उतरताना म्हणतात, "घ्या टांगेवाले, देवाचा आहे." नाही म्हणायचं? टाकायचा? छे! इसाक रुमालात बांधायचा आणि घरी न्यायचा, रोशनबीसाठी. रोशनबी म्हणजे त्याची बायको. गरीब बाई, तीस वर्षांच्या संसारात हिचा आवाज शेजारी ऐकू गेला नाही.

"रोशन, हे घे, खा."

"मी?"

"मला चालत नाही ना. तू खा, इथं बस, माझ्यासमोर खा." आणि हा पठ्ठ्या मांडी घालून तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. "कसा लागला पेढा?"

"चांगला आहे."

"चांगला काय चांगला! नीट सांग ना! वेलची लागते का? खवा कसा आहे?"

मग ती बिचारी सांगायची, वेलची आहे, खवा जरा जास्त भाजलाय, दाताखाली साखर करकरते... आणि हा डोळे मिटून हरभरे चावायचा! पेढा तिच्या तोंडात, चव याच्या तोंडात! नियत साफ होती हो त्याची! बायको खातेय, आपण पथ्य पाळतोय, यापरता चांगला नवरा कोण?

असं दीड वर्ष चाललं. पेढे संपले की देवळालीच्या छावणीतल्या साहेबांच्या बायका बिस्किटं द्यायच्या, ती रोशनबीला. ईदला शीरखुर्मा, याच्या वाटणीची वाटीसुद्धा तिलाच. डॉक्टरांच्या नळीत याचं औषध निळ्याचं निळंच राहिलं, तेव्हा त्या आनंदात तिला दोन पेढे जादा! नियत साफ होती हो!

पुढं रोशनबी सारखी पाणी पिऊ लागली. इसाक म्हणाला, "उन्हाळा आहे." श्रावण चालला होता! अंगावरचे कपडे ढिले झाले, तर म्हणतो, "बघ, पेढे खाऊनसुद्धा बारीक होतेस, नशीबवान आहेस." काय बोलायचं? त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या रक्ताकडे... आणि नियत साफ!

मग चप्पल चावली तिला. करंगळीला, एवढीशी जखम. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना झाला, भरेचना. हळद झाली, मलम झालं, शेवटी टांग्यात घालून नेलं त्याच डॉक्टरांकडे. नळी, निळं औषध, आठ थेंब, दिवा... इसाक सांगतो, उकळी फुटायच्या आत विटेसारखं लाल!

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, माहेरी कुणाला होता का हा रोग?"

"नाही जी. कुणाला नाही. आई तेवढी पाणी पीत पीत गेली. रांजण पुरायचा नाही तिला."

डॉक्टर इसाककडे बघतात, इसाक जमिनीकडे बघतो. तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं यानं बापाच्या पायाची कहाणी साऱ्या नाशिकला ऐकवली, आणि सासू कशानं गेली हे एकदा, एकदासुद्धा विचारलं नव्हतं! ज्या बायकोला जपायला हवं होतं तिला हा रोज समोर बसवून चारत होता! आता त्या साफ नियतीचं काय लोणचं घालायचं?

करंगळी कापावी लागली. पाय वाचला, जखम चार महिन्यांनी भरली, आता तीही पथ्यावर आहे. पण चालताना जरा तोल जातो तिचा, म्हणून इसाक तिला दर महिन्याला टांग्यात पुढं आपल्याशेजारी बसवून डॉक्टरांकडे नेतो.

परवा मेन रोडवर, त्यानंच सांगितलं मला, न राहवून तो म्हणाला, "रोशन, मी तुला चारून चारून मारलं असतं गं."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तसं मला गोड कधी आवडलंच नाही."

यानं लगाम ओढला. भर रस्त्यात! "आवडलं नाही? मग खायचीस कशाला?"

"तुम्ही एवढं आशेनं तोंडाकडे बघत बसायचात... नको कसं म्हणायचं?"

"आणि ती वेलची? तो भाजलेला खवा?"

"ते होय? पेढ्याबद्दल काय काय बोलतात, ते शेजारच्या नवसाबाईला विचारून ठेवलं होतं. तिला पेढ्यातलं फार कळतं."

मागं एक मोटार केव्हाची भोंगा वाजवत होती. एरवी मोटारीला वाट म्हणून न देणाऱ्या इसाकनं टांगा कडेला घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा मोटारीला म्हणाला, "जा बाबा, तू जा पुढं."