जगज्जेतीच्या वेण्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, क्लबचे सभासद आणि माझ्या भाचीचं कौतुक करायला वेळात वेळ काढून आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

अठराव्या वर्षी बुद्धिबळाचं जगज्जेतेपद जिंकणारी ही मुलगी आज बोलणार नाही. सकाळी मला म्हणाली, "मावशी, मला तिथे तोंड उघडायचीच इच्छा नाही. तू बोल." म्हणून मी उभी आहे.

हिला या क्लबने घडवलं, असं आत्ताच अध्यक्षांनी सांगितलं. सांगताना त्यांचा हात हिच्या खांद्यावर होता. मला शिसारी आली. क्षमा करा, सौम्य शब्द सापडला नाही.

ही तेरा वर्षांची असताना याच सभागृहात संघाची निवड होती. शेवटचा डाव अध्यक्षांच्या पुतण्याशी. त्याला बरोबरीसुद्धा पुरणार होती. आदल्या दिवशी अध्यक्ष आमच्याकडे आले, चहा घेतला, पडद्यांचीही तारीफ केली. जाता जाता म्हणाले, पोरगी लहान आहे, तिला पुढे खूप संधी मिळतील, उद्या बरोबरी घेऊ दे. माझ्या बहिणीने, हिच्या आईने, कपबशा उचलल्या. पोरीने आतून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती जिंकली.

मग काय व्हावं? हिच्याकडे कसलंसं यंत्र लपवलेलं आहे, अशी तक्रार आली. शेजारच्या खोलीत नेऊन हिचे बूट काढायला लावले, वेण्या सोडल्या, केसांत बोटं घालून चाचपलं. आई दाराबाहेर उभी. काही सापडलं नाही. तरीही 'संशय' म्हणून हिचं नाव वगळलं आणि पुतण्या संघात गेला. घरी येऊन हिने माझ्या शिवणाच्या कात्रीने केस कापले. आखूड केस शोभतात हो, असं मघाशी कुणीतरी म्हणालं.

नंतर ती परक्या गावच्या संघाकडून खेळली, तिथूनच वर गेली. आणि आज बाहेर फलक लागलाय, 'आमची लेक'!

अध्यक्ष महोदय, सन्मानचिन्ह राहू द्या. हा माईक घ्या आणि एवढंच म्हणा, त्या दिवशी काही सापडलं नव्हतं.

पाणी प्या, सावकाश प्या. आम्ही थांबतो.

नाही म्हणता? बरं. ती उठलीच बघा. हो पुढे, बाळ, मी आलेच.

आयोजकांचे आणि शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलताना कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. अध्यक्षांचा मात्र मुद्दामच ठेवला नाही.