काचेपलीकडचं बोट

बायको गेल्यापासून कानाच्या दवाखान्यात मी एकटाच येतो. आज शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको बसली होती.

"लेक फोनवर रडत होती आणि तुम्ही 'छान, छान' म्हणत होतात. त्या दिवशी मला कळलं."

"म्हणून आलो ना! पास झालो. कान शाबूत आहेत."

"मी दारातून बघत होते. कानात आवाज सोडताना काचेपलीकडे तपासणाऱ्या बाईंचं बोट हलायचं, की तुम्ही ऐकू आल्याचं बटण दाबायचात."

"हळू बोल."

"हळू बोलले तर ऐकाल?"

"सवय गं. पलटणीत दर वर्षी असंच केलं. नाहीतर तोफेवरून काढून कोठारात बसवलं असतं."

"आता कोण काढतंय? अशानं कानाचं मशीन मिळणार नाही. लेक का रडत होती, ते तुम्हाला अजून ठाऊक नाही."

"तू सांग की."

"मी नाही सांगणार. तिच्या तोंडून ऐका."



"त्या बाईंना म्हणावं, पुन्हा तपासा. मला पाठमोरा बसवा."

"तुम्हीच सांगा."

ते उठले. आत दुसरा पेशंट होता, म्हणून दाराशीच थांबले. तपासणी व्हायची होती. लेकीला फोन करायचा राहिला होता.