चटईवरून उठायचं केव्हा

(पूर्व तिमोरमधलं कॉफीच्या मळ्यांचं डोंगरी गाव. परराष्ट्र खात्यात नोकरीला असलेली, याच गावची ओलांदिना, गावातले जाणते सेलेश्तिनुकाका यांच्या ओट्यावर.)

ओलांदिना : फोटोपुरतंच हो, काका. शेजारच्या देशाच्या पाहुण्यांना चटईवर बसवायचं, दोन मिनिटं हसायचं, उठायचं.

सेलेश्तिनु : बसायला दोन मिनिटं पुरतात. उठायचं केव्हा ते चटई ठरवते.

ओलांदिना : म्हणजे?

सेलेश्तिनु : राजधानीत जाऊन विसरलीस वाटतं. दोन वैरी चटईवर बसले, की पोटातलं सगळं ओठावर आल्याशिवाय उठायचं नाही. मागे एका म्हशीपायी तीन दिवस बसलो होतो. गुडघे अजून तिच्या नावाने बोटं मोडतात.

ओलांदिना : चार वाजता त्यांचं परतीचं हेलिकॉप्टर आहे.

सेलेश्तिनु : मग त्यालाही बसव चटईवर.

ओलांदिना : थट्टा नको. बंदराचा करार अडलाय. आपल्या दुकानांत तांदूळ त्यांचा, तेल त्यांचं, पोरं शिकायला जातात तीही त्यांच्याकडेच. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

सेलेश्तिनु : मासा चोवीस वर्षं इथे फौज घालून आपल्याला खात होता, तेव्हा ही म्हण कुणी त्याला नाही ऐकवली.

ओलांदिना : म्हणूनच तर धोरण ठरलंय. जुनं उकरायचं नाही. हवामान, कॉफी, फुटबॉल, एवढेच विषय.

सेलेश्तिनु : कोंबड्यांची झुंज?

ओलांदिना : झुंज हा शब्दच नको.

सेलेश्तिनु : बरं. येतंय कोण कोण?

ओलांदिना : व्यापारमंत्री. आणि... त्यांचे सल्लागार. निवृत्त कर्नल आहेत.

सेलेश्तिनु : आपल्या शाळेत ठाणं मांडून बसला होता, तोच ना?

ओलांदिना : तुम्हाला कुणी सांगितलं?

सेलेश्तिनु : तुमची गुपितं बाजारच्या बसने येतात, पोरी. बेरेला त्याच ठाण्यात चौकशीला नेलं होतं. माझ्या पाठचा तो. त्याला कुठे पुरला, एवढंच मला हवंय. कर्नलला फासावर द्या असं मी म्हणत नाही. भावाची हाडं घरच्या मातीत आली, की माझं भांडण मिटलं.

ओलांदिना : काका, विचारता नाही येणार. तो बिथरला तर करारही गेला आणि माझी नोकरीही.

सेलेश्तिनु : मी चकार शब्द विचारणार नाही. झालं?

ओलांदिना : इतक्या सहज ऐकलंत, आता मला भीती वाटायला लागलीय.

सेलेश्तिनु : रीतीप्रमाणे प्रत्येकापुढे विडा मांडायचा, बस. माणसं सहा, विडे सात.

ओलांदिना : सातवा कुणाचा?

सेलेश्तिनु : बघ, तुलाही राहवलं नाही. तोही हेच विचारेल. पाहुण्याने विचारल्यावर गप्प बसणं तुमच्या शिष्टाचारात बसतं?

ओलांदिना : नाही बसत. तुम्ही आमच्या खात्यात हवे होतात.

सेलेश्तिनु : तुमच्याकडे खुर्च्या असतात. खुर्चीवरून माणूस केव्हाही उठून जातो.

ओलांदिना : आणि उत्तर ऐकून तो नुसताच बसून राहिला तर?

सेलेश्तिनु : राहू दे. इतकी वर्षं मी एकटाच बसलोय.

ओलांदिना : ...डोंगरात धुकं आहे असं कळवते. हेलिकॉप्टर त्यांना न्यायला दुसऱ्या दिवशी येईल.

सेलेश्तिनु : मग सात मांडू?

ओलांदिना : आठ.

सेलेश्तिनु : तुझ्या बाबांचा ना? तू कधी म्हणतेस, याचीच वाट बघत होतो.

ओलांदिना : त्यांना पान चालत नसे. त्यांच्या जागी सिगारेट ठेवा.