मोडू दे, पण दुखायला नको

…नाही हो, दात किडलेला नाही! सगळ्यांचं आपलं तेच, ‘गोड फार खाता वाटतं!’ अहो, पाडलाय… म्हणजे अर्धा पाडलाय, अर्धा लटकतोय, तो काढायला आलोय. कुणी पाडला? ती बघा, खिडकीशी, दोन वेण्या, पाय हलवत मासिकातली चित्रं बघतेय ना… तीच. माझी नात. सात वर्षांची आहे. असं टक लावून बघू नका हो, आधीच तिने मनाला फार लावून घेतलंय! तुमचा नंबर कितवा? नववा? मग वेळ आहे, ऐका.

तर चूक तिची नाही. चूक माझ्या धंद्याची. तुम्हाला सांगतो, मी सिनेमात मारामारी करतो. हसू नका! पडद्यावर नाही, आवाजाची. तो हिरो ठोसा मारतो ना, त्याचा हात समोरच्याला लागतच नाही, वीतभर लांबून जातो. मग तो ‘धाड्’ येतो कुठून? माझ्याकडून! बंद खोली, समोर पडदा, पुढ्यात माईक, आणि मी ओला टॉवेल घेऊन जुन्या चामड्याच्या बॅगेवर… धाड्! बोट मोडलं की गाजर. मान मोडली की काकडी. डोकं आपटलं की कोबीचा गड्डा. आणि फोडलेल्या भाज्या टाकवत नाहीत म्हणून संध्याकाळी पिशवीत भरून घरी! आमची ही पिशवी उघडते आणि विचारते, “आज कुणाची मान मोडलीत?” अडतीस वर्षं झाली लग्नाला, म्हणते या घरात अख्खी काकडी कशी दिसते ते मी विसरले.

आता गंमत बघा. इतकी वर्षं इतक्या लोकांना बडवलं, पण माझ्या नातीने माझं एक काम बघितलेलं नाही. का? तर आमची लेक! “बाबा, तिच्यासमोर असलं काही लावायचं नाही. रात्री दचकून उठते.” बरं बाई. शाळेत बाईंनी विचारलं, आजोबा काय करतात? ही उभी राहून म्हणाली, “भाज्या फोडतात.” अख्खा वर्ग हसला. घरी येऊन मुसमुसत होती, मला कसंतरीच झालं हो! वाटलं, एकदा, फक्त एकदा या पोरीने मोठ्या पडद्यावर आपल्या आजोबाचं काम बघावं.

आणि संधी चालून आली की! निर्मात्याच्या डोक्यात शिरलं, हाणामारीचा तयार सिनेमा लहान मुलांसाठीही काढायचा. रक्त पुसलं, सुरे कापले, उरली मारामारी. दिग्दर्शक माझ्याकडे आला, अठ्ठावीस वर्षांचा, दाढी माझ्यापेक्षा मोठी, म्हणतो, “काका, मोडू दे, पण दुखायला नको.”

म्हणजे काय? तुम्हीच सांगा, म्हणजे काय! हाड मोडायचं, पण दुखायला नको! मी म्हटलं, अरे बाबा, मोडेल तर दुखेल ना? “नाही काका, गोड मोडू दे.” गोड! मी गाजर उकडलं. “काका, हे पाय चिखलात गेल्यासारखं येतंय.” कणीक मळली, तिच्यावर ठोसे मारले. “काका, हे थोडं… पोटाचं वाटतंय.” स्पंज झाला, केळं झालं, केळ्यावरून मी स्वतः घसरलो, तो आवाज मात्र त्याला फार आवडला! शेवटी घरून उशी नेली. उशीवर बुक्की… पुफ्! दिग्दर्शकाने मला मिठी मारली. “काका, हेच! मोडलं, पण दुखलं नाही!”

लेकीने परवानगी दिली. मुलांसाठीचा आहे म्हटल्यावर काय बोलणार! गेलो सगळे. नात माझ्या मांडीवर. हिरोने पहिल्याला हाणला… पुफ्! दुसऱ्याला… पुफ्! खलनायक तिसऱ्या मजल्यावरून खाली… पुफ्! आणि उठला, कपडे झटकले, चालू लागला! नात टाळ्या पिटतेय, मागच्या रांगेला सांगतेय, “हे माझ्या आजोबांनी केलंय!” तुम्हाला खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. जन्माचं सार्थक झालं म्हणा ना!

ते सार्थक घरी पोचेपर्यंत टिकलं. मी खुर्चीत बसून बूट काढतोय, वाकलेला, आणि नात सोफ्यावरून झेप घेऊन… पुफ् नाही हो! टक्! सरळ जबड्यावर! मी खाली. तोंडात खारट चव. आणि ही कमरेवर हात ठेवून उभी, वाट बघतेय. “आजोबा, उठा ना! कपडे झटका ना!” मी कसला झटकतोय! मग तिला रक्त दिसलं आणि तिने असा हंबरडा फोडला की वरच्या मजल्यावरचे धावत आले.

घरात मग हीऽऽ जुंपली! लेक म्हणते, “मी सांगत होते ना, बघूच द्यायला नको होतं!” जावई म्हणतो, “उलट! मऊ केलं म्हणून झालं हे. लागतं हेच तिला कळलं नाही.” आमची ही बर्फ आणत म्हणते, “आणि माझी उशी कुठाय?”

मी मात्र रात्रभर तेच घोळवत पडलो. मीच मऊ केलं ना! दुसऱ्या दिवशी नातीला माझ्या त्या माईकच्या खोलीत घेऊन गेलो. कानाला हेडफोन लावले, हातात गाजर दिलं, म्हटलं, मोड. तिने मोडलं… कडाक्! अशी दचकली, आणि पटकन स्वतःचंच बोट मुठीत धरलं. मग दोन्ही तुकडे माझ्यापुढे धरून म्हणाली, “आजोबा, आता हे जोडून द्या.” तिला जवळ घेतलं, दुसरं काय. आणि दिग्दर्शकाला फोन लावला, म्हटलं, सुरे नकोत, रक्त नको, कबूल, पण पुढच्या सिनेमात एक ठोसा, एकच, खरा ठेवू दे, पोरांना कळू दे की लागतं. तो म्हणाला, “ठेवा काका… पण जरा मऊ.”

काय? माझं नाव पुकारलं? आलो, आलो. चल ग बाळ.

हं, डॉक्टर… हा दात. काय म्हणालात? “काढू या, अजिबात दुखणार नाही”? ऐकलंत का हो बाहेरची मंडळी! काढायचा, पण दुखायला नको! इथेसुद्धा तेच! आणि तू काय ग मधेच? “खोटं सांगतात ते, आजोबा. खूप दुखणार. मी हात धरते ना तुमचा.”

बघा! शिकली पोरगी! एका गाजरात शिकली!… पण डॉक्टर, जरा इकडे या, कानात सांगतो… तिला काय सांगायचं ते सांगा, मला आपलं लहान मुलांसाठीचंच लावा!