समोरच्याला सुलटं

पनवेलच्या लॅपटॉपच्या दुकानात माझ्या पुढे मनस्वी नावाची मुलगी, तिचे वडील आणि काउंटरपलीकडे विक्रेता.

"बाबा, माझ्या द्रोणागिरीच्या गोदामात पार्ट्यांना कोटेशन दाखवायला हा वळणाऱ्या स्क्रीनचाच बरा. पण साधा याच्या अर्ध्या किमतीत मिळतो."

"साध्यात काय नाय?"

"काका, साध्याचा स्क्रीन असा पूर्ण मागे वळत नाही. हा वळवला की समोरच्याला नीट वाचता येतं. पेननं सहीसुद्धा करता येते."

"वळवा बगू. मनस्वी, तू तिकडं बस, गिऱ्हाईक बसतं तिथं."

"बसले."

"वाचता येतंय?"

"सगळं. खालची बारीक अक्षरंसुद्धा."

"आपली खाडीकडची जमीन इकली, तवा दलालानं कागदाचं तोंड त्याच्याकडं ठेवलेलं. मी उलट्या अक्षरांखाली सही केली."

"बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तवा तू पाळण्यात व्हतीस. ओ, हाच पॅक करा."

"काका, किमतीचं..."

"किमतीचं ती बगंल, धंदा तिचा हाय. मला तो पेन द्या जरा. एक सही सुलटी करून बगतो."